विश्लेषण : रुग्णांना वाचवणाऱ्या डॉ. कोटणीसांना कोण वाचवणार होते? सेवेतल्या थकव्याबद्दल त्यांचे आयुष्य काय सांगते?

नवेगाव बांध (जि. गोंदिया) : १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. याच तारखेला, १९१० मध्ये, सोलापुरात द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. चीनला गेलेला आणि परत न आलेला डॉक्टर म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मृत्यूच्या वेळी ते अवघे ३२ वर्षांचे होते. त्यांच्या त्यागाची गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते. पण इतके काम करताना ते टिकले कशामुळे आणि शेवटी कुठे कमी पडले, हे फारसे सांगितले जात नाही. रुग्णसेवेत असलेल्या आजच्या माणसाला नेमका हाच भाग उपयोगाचा आहे.

हा प्रश्न नवेगाव बांधसारख्या गावाचा का आहे?

नवेगाव बांध म्हटले की बाहेरच्या माणसाला तलाव, पक्षी आणि व्याघ्र प्रकल्प आठवतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहणाऱ्यांना आणखी काही माहीत असते. धानाच्या शेतात होणारे सर्पदंश, पावसाळ्यातला मलेरिया, सिकलसेलचे रुग्ण, आणि रात्री अपरात्री कळा सुरू झालेली बाळंतीण. गोंदिया इथून साठ-पासष्ट किलोमीटर. रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ ज्यांना काढायचा असतो त्या आशाताई, परिचारिका आणि आरोग्य केंद्रातले डॉक्टर.

शहरातल्या रुग्णालयात पाळी संपली की निदान दार तरी ओलांडता येते. गावात तशी सोय नाही. आशा स्वयंसेविका ही त्याच गावची रहिवासी असते. तिचे घर सगळ्यांना ठाऊक असते. परिचारिका बाजारात भाजी घेत असली तरी तिला थांबवून औषध विचारले जाते. रुग्ण दगावला तर त्याच्या घरच्यांशी दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ पडते. काम आणि आयुष्य यांच्यामध्ये भिंतच नसते.

घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूचे किंवा वडिलांचे करणाऱ्या सुनेची, मुलीची गत याहून वेगळी नाही. तिला तर पगारही नाही आणि रजाही नाही.

बर्नआउट म्हणजे नेमके काय?

हा शब्द आज सर्रास वापरला जातो, पण तो आला रुग्णसेवेतूनच. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करत होते. उत्साहाने आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत थकलेले, चिडचिडे आणि कोरडे झालेले त्यांनी पाहिले. १९७४ मध्ये त्यांनी या अवस्थेवर लेख लिहिला आणि तिथून हा शब्द रूढ झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, मात्र आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था, अशी ती नोंद आहे. तिची तीन लक्षणे सांगितली जातात.

• शक्ती पूर्ण संपल्यासारखा थकवा.

• कामाबद्दल आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा.

• आपल्या हातून काही धड होत नाही, ही भावना.

यातले दुसरे लक्षण सेवेच्या कामात सर्वात जास्त बोचते. कालपर्यंत मायेने बोलणारी परिचारिका रुग्णावर खेकसू लागते आणि मग घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसते. तिचा स्वभाव बदलला असे लोक म्हणतात. बहुतेक वेळा बदललेली असते ती तिच्या अंगातली उरलेली ताकद.

कोटणीसांना बर्नआउट झाला होता, असा या लेखाचा दावा नाही. हा शब्द त्यांच्या मृत्यूनंतर ३२ वर्षांनी आला. पण ज्या परिस्थितीत माणूस असा जळून जातो, ती सगळी त्यांच्या आयुष्यात हजर होती. म्हणून त्यांची चार वर्षे नीट पाहण्यासारखी आहेत.

कोटणीस चीनला कसे पोहोचले?

वडील सोलापूरच्या गिरणीत नोकरीला. मोठे कुटुंब. द्वारकानाथांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालवली होती.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले, निधी उभा राहिला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल प्रमुख. त्यांना स्पेनच्या यादवी युद्धातल्या वैद्यकीय कामाचा अनुभव होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईच्या बंदरातून जहाजाने निघाले. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. युद्धभूमीवरचा अनुभव शून्य.

चीनमध्ये उतरल्यावर शहरे एकामागून एक पडत होती आणि पथक आत आत सरकत होते. १९३९ च्या सुरुवातीला, यानआनला पोहोचण्याआधीच, वडील गेल्याची बातमी त्यांना मिळाली. परत जाण्याचा पर्याय होता. ते थांबले. दुःख करायला वेळ मिळाला नाही, एवढे मात्र त्यानंतरच्या घटनाक्रमावरून दिसते. फेब्रुवारीत पथक यानआनला पोहोचले आणि काम सुरू झाले.

पाच डॉक्टरांचे पुढे काय झाले?

या गोष्टीतला हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच भारतात परतले. अटल १९४० मध्ये परतले. प्रकृतीने साथ न देणे हे यामागचे मोठे कारण होते. बसू १९४३ पर्यंत चीनमध्ये राहिले. कोटणीस परतले नाहीत.

चित्रपट निघाला तो कोटणीसांवर. स्मारके झाली ती त्यांचीच. ते योग्यच आहे. पण जे परतले त्यांनी पाठ फिरवली, असे समजण्याचे कारण नाही. वय झालेले असताना, शरीर साथ देत नसताना युद्धात गेलेल्या माणसाने आपली मर्यादा ओळखून मागे फिरणे हाही जबाबदार निर्णय असतो. आजारी डॉक्टर आघाडीवर राहिला तर त्याचीच शुश्रूषा करायला दुसऱ्या कोणाला तरी थांबावे लागते.

आपल्याकडे मात्र मापदंड ठरतो तो न परतणाऱ्यावरून. तीन पाळ्या सलग केलेल्या परिचारिकेचे कौतुक होते. ताप अंगावर काढून लसीकरणाला गेलेल्या आशाताईंचा फोटो फिरतो. ज्या सुट्टी मागतात त्यांच्याकडे कामचुकार म्हणून पाहिले जाते.

१९४० मध्ये त्यांनी किती काम केले?

यानआनच्या रुग्णालयात काही महिने काढल्यावर अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले. १९४० मध्ये कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, जपानी सैन्याच्या पिछाडीला असलेल्या तळांवर पोहोचले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये चिनी फौजांनी रेल्वे आणि ठाण्यांवर मोठे हल्ले सुरू केले. जखमींची रीघ लागली.

चिनी नोंदींनुसार १३ दिवसांच्या एका लढाईत कोटणीसांच्या पथकाकडे ८०० हून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. सरासरी काढली तर दिवसाला जवळपास ४३. सलग तीन दिवस, म्हणजे ७२ तास न झोपता ते शस्त्रक्रिया करत राहिल्याची हकिकत चीनमध्ये आजही सांगितली जाते. शस्त्रक्रियेची खोली म्हणजे गावातले एखादे घर. भूल देण्याची औषधे, जंतुनाशके, पट्ट्या सगळ्याचाच तुटवडा. हल्ल्याची बातमी आली की रुग्णांसह मुक्काम हलवायचा.

जानेवारी १९४१ मध्ये त्यांची नेमणूक डॉ. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून झाली. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यचिकित्सक. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून, रक्तात विष पसरून नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले होते. म्हणजे ज्यांच्या नावाचे रुग्णालय कोटणीस चालवत होते, तेही रुग्णांवर उपचार करतानाच गेलेले.

चार वर्षे ते टिकले कशामुळे?

कोटणीसांना जिद्दी म्हणून आपण मोकळे होतो. जिद्द होतीच. पण त्यांचा दिनक्रम आणि निर्णय पाहिले की आणखी चार गोष्टी ठळक दिसतात.

भाषा : त्यांनी चिनी शिकून घेतली, बोलायलाच नव्हे, तर शिकवण्याइतकी. जखमी माणसाला काय दुखते ते दुभाष्याविना कळणे आणि थकल्यावर शेजारच्याशी दोन शब्द बोलता येणे, या दोन्ही गोष्टींनी परकेपणा कमी होतो. त्यांचे चिनी नाव पडले कं तीह्वा. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांत ह्वा होते. ह्वा म्हणजे चीन.

शिकवणे : बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत ते शिकवत. गावातल्या तरुण मुलामुलींना शस्त्रक्रियेत मदतनीस म्हणून तयार करत. त्यांनी चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही लिहायला घेतले होते. शिकवण्याचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. सगळे मलाच करावे लागते, हा भार त्याने हलका होतो. ज्या दवाखान्यात एकाच सिस्टरला सगळे येते, तिथे ती सिस्टर कधीच रजा घेऊ शकत नाही.

सोबत : सुरुवातीला बसू बरोबर होते. कामाची विभागणी होत होती. १९४१ मध्ये बसू यानआनला परतले आणि त्या भागात कोटणीस हे पथकातले एकटेच उरले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. त्या परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या, बेथ्यून शाळेत शिकवणाऱ्या. कामाचा ताण न सांगता समजेल असे माणूस घरात असणे ही मोठी गोष्ट असते. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

अर्थ : आपण हे कशासाठी करतो, याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. स्वतः परक्या सत्तेखालच्या देशातून आलेला माणूस दुसऱ्या देशावरच्या आक्रमणाविरुद्ध उभा होता. कामाचा अर्थ स्पष्ट असेल तर थकवा कमी होत नाही, पण कडवटपणा दूर राहतो.

नवेगावचा तलाव पाहणाऱ्याला हे समजायला सोपे आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या या भागातल्या तलावांची पाळ भक्कम असते, पण पाळीच्या जोरावर तलाव टिकत नाही. जास्तीचे पाणी निघून जायला सांडवा ठेवावा लागतो. भाषा, शिकवणे, सोबत आणि अर्थ हे कोटणीसांचे सांडवे होते.

मग कमी कुठे पडले?

शरीराच्या बाबतीत. अखेरच्या काळात कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येऊ लागले. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कामाच्या ताणातून अपस्मार जडतो असे म्हणणे चूक ठरेल. मात्र ज्याला हा आजार आहे त्याला अपुरी झोप आणि अतिश्रम यांमुळे झटका येण्याची शक्यता वाढते, हे वैद्यकशास्त्रात पक्के आहे. कोटणीसांच्या दिवसांत नेमक्या याच दोन गोष्टी भरून होत्या.

औषधे जगात होती. फेनोबार्बिटोन १९१२ पासून अपस्मारासाठी वापरात होते. फेनिटॉइनचा उपयोग १९३८ मध्ये, म्हणजे ते चीनला निघाले त्याच वर्षी समोर आला होता. पण जपानी नाकेबंदीत त्या डोंगरातल्या गावांपर्यंत औषधे पोहोचणे अवघड होते.

उपचारासाठी आघाडीपासून दूर जावे, असे वरिष्ठांनी त्यांना सुचवले होते, अशी हकिकत त्यांच्या चरित्रकथांत येते. त्यांनी काम सोडले नाही. रुग्णालय, विद्यार्थी आणि अर्धवट राहिलेले पुस्तक त्यांना तिथेच धरून राहिले.

९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, हपै प्रांतातल्या तांग तालुक्यातील एका खेड्यात, झटक्यांमागून झटके येऊन त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

कोटणीसांच्या जागी एखादा रुग्ण असता तर त्यांनी त्याला काय सांगितले असते, हे ओळखायला डॉक्टर असण्याची गरज नाही. त्यांनी त्याला विश्रांती घ्यायला लावले असते आणि मागे पाठवले असते. तोच सल्ला त्यांना स्वतःला लागू करता आला नाही. सेवा करणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच असते. समोरच्याचा आजार खरा आणि आपला मात्र थोडा वेळ थांबवता येण्यासारखा वाटतो.

त्यागाची गोष्ट सांगताना काय निसटते?

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी कोटणीसांवर चित्रपट काढला आणि मुख्य भूमिकाही स्वतः केली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर तो आधारलेला होता. चीनमधल्या शिच्याच्वांग इथल्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे. चीनचे बडे नेते भारतात आले की कोटणीसांच्या नातलगांना आवर्जून भेटत.

हा सन्मान मोठा आहे. पण त्यांच्यामागे राहिलेल्यांचे आयुष्यही या हिशेबात धरायला हवे. क्वो छिंगलान यांनी पुढची ७० वर्षे त्यांची आठवण जपली; त्या २०१२ मध्ये गेल्या. यिनह्वा १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच गेला. आणि रुग्णालयाचा हिशेब मांडायचा तर एक निष्णात शल्यचिकित्सक ३२ व्या वर्षी गेल्याने पुढे किती शस्त्रक्रिया झाल्या नाहीत, किती विद्यार्थी शिकायचे राहिले, याचीही गणती करावी लागेल.

युद्धात, नाकेबंदीत, औषधांशिवाय कोटणीसांना फारसे पर्याय नव्हते. आज नवेगाव बांधच्या परिचारिकेला किंवा आशाताईंना पर्याय असायला हवेत. युद्धातला अपवाद शांततेच्या काळातला नियम करून ठेवला तर दोष त्या व्यक्तीच्या सहनशक्तीचा नसतो. तो व्यवस्थेचा असतो.

आज काय करता येईल?

स्वतःसाठी : झोप सलग दोन आठवडे बिघडलेली आहे, ड्युटीवर जायच्या विचारानेच छाती धडधडते, रुग्णांबद्दल काहीच वाटेनासे झाले आहे किंवा विनाकारण रडू येते, यांपैकी काही होत असेल तर बोलायची वेळ आली आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक मानसिक आरोग्य दिनालाच सुरू झाली. जीव नकोसा वाटत असेल तर वाट न पाहता याच क्रमांकावर फोन करावा आणि जवळच्या माणसाला सांगावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी उपचारही मिळतात.

अंगावर काढू नये असे : मधुमेह, रक्तदाब, फिट, थायरॉइड असे जुने आजार असतील तर ड्युटीच्या गडबडीत औषधाचा डोस चुकवू नये. रात्रपाळीनंतरची झोप ही चैन समजू नये.

सहकाऱ्यांसाठी : रुग्ण दगावल्यावर त्या पाळीतल्या माणसांनी दहा मिनिटे एकत्र बसून काय झाले ते बोलावे, दोषारोप न करता. घरी जाण्याआधी मन थोडे हलके होते. एकाला येणारे काम दुसऱ्यालाही शिकवून ठेवावे.

वरिष्ठांसाठी : रजा ही मेहरबानी म्हणून देऊ नये. सलग पाळ्या कोणाला लागल्या याची नोंद दर आठवड्याला पाहावी. माझे काही नाही, मी करते, असे नेहमी म्हणणाऱ्या माणसाकडे आधी लक्ष द्यावे. कोटणीसही असेच म्हणणाऱ्यांपैकी होते.

गावासाठी : आशाताईंच्या दारावर रात्री दोनला थाप पडणारच, बाळंतीण सकाळपर्यंत थांबत नाही. पण खोकल्याच्या गोळीसाठी सकाळ होऊ देता येते. आणि रात्रभर जागून रुग्णाबरोबर गोंदियाला गेलेली बाई दुसऱ्या दिवशी परतली, तर तिला त्या दिवशी सर्वेक्षणाची वही मागू नये. ती जेवली का आणि तिची मुले कोणाकडे आहेत, एवढे आधी विचारावे.